पारा चार अंशांवर, मग गवतावर बर्फ कसा?

डिसेंबर-जानेवारीत एक बातमी ठरलेली असते. महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले, गवतावर, गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या जेटीवर हिमकण साचले. कधी तीच बातमी सातपुड्यातून येते, नंदुरबार जिल्ह्यातल्या डाब, तोरणमाळ भागातून. बातमीत खाली तापमान दिलेलं असतं: चार अंश, पाच अंश, कधी सहासुद्धा. इथे वाचणारा अडखळतो. पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेत शिकलो आहोत. मग पाच अंशांना गवतावर बर्फ कसा? बातमी फुगवलेली, की तापमापक बिघडलेला?

दोन्ही बरोबर असतात. गवताचं तापमान आणि हवेचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निरभ्र रात्री त्यांच्यात बरंच अंतर पडतं. हिमकणांचं सगळं कोडं या अंतरात आहे. द्राक्ष किंवा भाजीपाला पिकवणाऱ्या माणसासाठी तर हे अंतर समजणं फार गरजेचं आहे, कारण मोबाइलवर येणारा आकडा हवेचा असतो आणि थंडी सोसतं ते पान.

आधी दव कसं पडतं ते पाहू

हवेत पाण्याची वाफ कायम असते, फक्त ती दिसत नाही. किती वाफ राहू शकते हे तापमानावर ठरतं. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ राहू शकते, १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आत, आणि शून्य अंशाला पाच ग्रॅमपेक्षाही थोडी कमी. हवा गार होत गेली की एका टप्प्यावर आहे ती वाफही जास्त होते आणि पाणी होऊन बाहेर पडू लागते. त्या टप्प्याला दवबिंदू तापमान म्हणतात.

फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला की बाहेरून ओला होतो. आतलं पाणी झिरपत नाही. पेल्याला टेकलेली हवा दवबिंदू तापमानाच्या खाली जाते आणि तिच्यातली वाफ पेल्यावर पाणी होऊन बसते. पहाटे गवतावर हेच घडतं. म्हणजे आपण ‘दव पडलं’ म्हणत असलो तरी वरून काही पडत नाही. गार झालेल्या पृष्ठभागावर भोवतालची वाफ जागच्या जागी जमते.

आता तो पृष्ठभाग शून्याच्या खाली गेला, तर जमणारं दव गोठेल किंवा वाफ थेट बर्फ होऊन बसेल. हेच हिमकण.

पण गवत हवेपेक्षा गार होतंच कसं?

शेकोटीपाशी बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठलेली राहते. मधली हवा काही एवढी तापलेली नसते. आगीतून निघणारी उष्णता सरळ येऊन चेहऱ्यावर आदळते. याला उष्णतेचं प्रारण म्हणतात. ते फक्त आग करते असं नाही. प्रत्येक वस्तू करते: दगड, माती, गवत, गाडीचा टप, आपलं अंग. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात ही उष्णता अखंड बाहेर जात असते.

दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त, म्हणून जमीन तापते. सूर्य मावळला की येणं थांबतं, जाणं चालू राहतं. आभाळात ढग असतील तर ते खालून गेलेली उष्णता शोषतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात. हवेत वाफ भरपूर असेल तर तीही हे काम करते. पण आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की गवताची उष्णता थेट वर निघून जाते आणि परत फारच थोडी येते.

हवेचं तसं नाही. कोरडी, स्वच्छ हवा स्वतः फार कमी प्रारण करते. म्हणून आधी गवत गार होतं आणि मग गवताला टेकलेली हवा. जमिनीलगत सगळ्यात गार, वर जावं तसं थोडं उबदार, अशी उलटी उतरंड रात्री तयार होते. पातळ पान तर आणखी लवकर गारठतं, कारण त्याच्यात साठवलेली उष्णता थोडी आणि मातीशी संबंध कमी.

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. त्याच्यावर ऊन पडू नये आणि त्याची उष्णता आभाळाकडे जाऊ नये, यासाठीच ती पेटी आहे. त्याला हवेचंच तापमान मोजायचं असतं आणि ते तो नीट मोजतो. गवतालगतचं किमान तापमान मोजायला वेगळा तापमापक असतो, गवताच्या शेंड्यांच्या पातळीवर उघड्यावर आडवा ठेवलेला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री तो पेटीतल्यापेक्षा तीन ते पाच अंश कमी दाखवतो, कधी त्याहूनही कमी. पेटीत चार आणि गवतावर शून्याखाली, यात विसंगती काही नाही. बातमीत आणि शेतकऱ्यांना जाणाऱ्या संदेशात हा दुसरा आकडाही द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अलाहाबादच्या उघड्या मैदानातला बर्फ

हे नुसतं पुस्तकी आहे असं वाटत असेल, तर अठराव्या शतकातली एक गोष्ट सांगतो. तेव्हा फ्रीज नव्हते आणि परदेशातून जहाजाने येणारा बर्फही सुरू झाला नव्हता. तरी अलाहाबाद, बनारस, बंगालच्या सपाट प्रदेशात हिवाळ्यात बर्फ ‘पिकवला’ जायचा. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत ही रीत लिहून ठेवली आहे. मोकळ्या मैदानात दोनेक फूट खोल, लांबरुंद चौकोनी खड्डा करायचा. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं जाड अंथरायची. त्यावर मातीच्या उथळ, कच्च्या परळांच्या रांगा लावायच्या आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. पहाटे उजाडायच्या आत माणसं येऊन परळांतला बर्फ टोपल्यांत गोळा करायची. शेजारच्या हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही बर्फ धरायचा.

बार्कर यांना वाटलं, मातीच्या परळातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि त्यामुळे गारवा येतो. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. पटण्यासारखं आहे. पण विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरांनी १८१४ मध्ये दवावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात या समजुतीला हात घातला. बाष्पीभवन हेच मुख्य कारण असेल तर वारा सुटल्यावर बर्फ जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात वारा सुटला की बर्फ होत नसे, आणि ढग आले तरी होत नसे. शिवाय खालची ताटं ओली झाली तर आणखी गारवा यायला हवा, पण कारागीर तर ती कोरडी राहावीत म्हणून जपायचे. म्हणजे गारवा येत होता तो परळातल्या पाण्याची उष्णता मोकळ्या आभाळाकडे गेल्यामुळे. ताटांचा थर खालच्या जमिनीची ऊब अडवायचा. खड्ड्याच्या कडा वारा अडवायच्या. बर्फ करणाऱ्या त्या कारागिरांना प्रारण हा शब्द माहीत नव्हता, पण रात्र कशी हवी, जागा कशी हवी, हे त्यांनी बिनचूक ओळखलं होतं. या विषयात मला सर्वांत जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटतो.

वेल्स यांचे स्वतःचे प्रयोग घरच्या घरी करता येण्याजोगे होते. त्यांनी लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके घेतले. जमिनीपासून चार फूट उंच टेकवलेल्या फळीवर एक ठेवला, फळीच्या खालच्या बाजूला दुसरा लावला आणि सकाळी दोन्हींचं वजन केलं. वरच्याने १४ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं जुनं, अगदी लहान माप) दव टिपलं होतं, खालच्याने ४. दव आभाळातून पडतं म्हणावं, तर खालचा पुंजका कोरडाच राहायला हवा होता. जमिनीतून वर येतं म्हणावं, तर खालचाच जास्त ओला व्हायला हवा होता. दोन्ही चुकलं. पुंजक्याला किती आभाळ दिसतं यावर सगळं ठरत होतं. मग त्यांनी चार काठ्यांवर एक तलम रुमाल गवताच्या सहा इंच वर ताणला, तर त्याखालचं गवत उघड्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिलं. झाडाखाली लावलेल्या गाडीवर हिमकण नसतात आणि दोन पावलांवरच्या उघड्या गाडीचा टप पांढरा असतो, त्याचं कारण तो रुमाल सांगतो.

हिमकण जवळून पाहिले तर

पुढच्या वेळी पहाटे महाबळेश्वरला असाल, तर फोटो काढून झाल्यावर गवताचं एक पातं भिंगाखाली धरा. पात्यावर गोल, कडक, काचेसारखे थेंब असतील तर ते आधी दव म्हणून जमले आणि नंतर गोठले. पात्याच्या कडेवर, केसाळ पानांच्या लवेवर बारीक सुया आणि टोकेरी पापुद्रे उभे असतील तर तिथे वाफेचा थेट बर्फ झाला, मध्ये पाणी झालंच नाही. डीप फ्रीजरच्या भिंतीवर साचणारा बर्फ असाच थेट वाफेतून आलेला असतो. दुसरा प्रकार हवा जास्त कोरडी असताना, म्हणजे दवबिंदू तापमान शून्याच्या खाली असताना होतो. पुष्कळदा एकाच पात्यावर दोन्ही सापडतात.

हिमकण पांढरे दिसतात ते सुट्या, बारीक स्फटिकांमुळे. बर्फ स्वतः पारदर्शक असतो, पण इतक्या कडांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो की डोळ्यांना पांढरंच दिसतं.

मग याला बर्फवृष्टी म्हणायचं का?

नाही. बर्फवृष्टीचा बर्फ ढगात तयार होतो आणि खाली पडतो. हिमकणांना ढग मुळीच चालत नाहीत. रात्री आभाळ भरून आलं की हिमकणांची शक्यता मावळली. गारांचा तर इथे संबंधच नाही, त्या वादळी ढगातून येतात, आणि आपल्याकडे बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाशी.

वेण्णा लेकलाच का, बाजारपेठेत का नाही? आणि मुंबईत कधीच का नाही?

गार हवा जड असते. रात्री डोंगरउतारावर गारठलेली हवा उताराने पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल जागी साचते. वेण्णा तलावाचा परिसर असाच खोलगट आणि उघडा आहे. म्हणून महाबळेश्वरच्या उंचावरच्या भागात पारा दहाच्या आसपास असताना तलावाकाठी तो निम्म्यावर आलेला असतो. उंच जागा जास्त थंड हा आपला सरधोपट हिशेब अशा रात्री चालत नाही. शेतातही हेच होतं. बांध, कंपाउंडची भिंत किंवा दाट कुंपण उताराला आडवं असेल तर गार हवा त्याच्या वरच्या अंगाला तुंबते आणि तिथलीच रोपं आधी जातात.

खुद्द तलाव मात्र गोठत नाही. त्याचं वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली बसतं आणि खालचं कोमट पाणी वर येतं. सगळा तलाव चार अंशांवर आल्याशिवाय हा फेरा थांबत नाही, आणि तेवढी थंडी इथे टिकत नाही.

मुंबईची अडचण वेगळी. तिथे हवेत समुद्राची वाफ इतकी की दवबिंदू तापमान बहुधा दहा अंशांच्या बरंच वर असतं. पारा तिथवर आला की दव जमायला लागतं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी. पुढची घसरण तिथेच मंदावते. मुंबईचं आजवरचं नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला नोंदलेलं ७.४ अंश आहे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश नोंदले गेले होते, आणि तेही पेटीतल्या तापमापकावर. त्या रात्री उघड्या गवतावर काय असेल, याचा अंदाज आता तुम्हालाच बांधता येईल.

पानाचं नेमकं काय बिघडतं?

पेशी बर्फाने फुटतात असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत धरतो. तो पेशीतलं पाणी बाहेर ओढत राहतो, पेशी आतून वाळते आणि तिचं आवरण निकामी होतं. ऊन चढल्यावर बर्फ वितळतो, पण पेशी ते पाणी परत धरू शकत नाही. पान उकडल्यासारखं लिबलिबीत होतं आणि मग काळं पडतं.

शून्याखाली गेलेलं पाणी लगेच गोठतंच असंही नाही. स्फटिक धरायला काहीतरी आधार लागतो. पानांवर राहणारे काही जिवाणू हा आधार देतात. ‘स्यूडोमोनास सिरिंगी’ हा त्यातला प्रसिद्ध. त्याच्यामुळे उणे दोन अंशांच्या आसपासच बर्फ धरतो, तो नसता तर पान आणखी काही अंश तग धरू शकतं.

केळी, पपई यांना बर्फाचीही गरज नाही, शून्याच्या वरची थंडीच त्यांना बाधते. नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांतही बहुतेक नुकसान बर्फाने होत नाही, थंडीने होतं. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक बातम्यांत येतो तेव्हा बागांत मण्यांची फुगवण थांबलेली असते, मणी तडकण्याची धास्ती असते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की हिरवे मणी गुलाबी होतात, म्हणून बागायतदार घडांना कागद गुंडाळतात.

पांढरं दिसलं नाही म्हणजे पीक वाचलं?

ही समजूत महागात पडते. हवा फार कोरडी असेल तर पान शून्याच्या बरंच खाली जाऊनही त्यावर हिमकण जमत नाहीत, कारण जमायला वाफच नसते. उलट दव जमताना आणि गोठताना जी उष्णता सुटते, तिचा थोडा आधारही अशा रात्री पानाला मिळत नाही. म्हणून पांढरेपणा नसलेली कोरडी थंडी जास्त घातक ठरू शकते. नुकसान दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काळ्या पानांवरून कळतं.

शेकोटी, धूर, पाणी: यातलं काय चालतं?

पाणी चालतं, आणि ते आदल्या दिवशी दिलेलं जास्त चालतं. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालून वर सोडते. कोरडी, भुसभुशीत माती हे करू शकत नाही, म्हणून थंडीची लाट येणार असेल तर आदल्या दिवशी मशागत टाळावी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे कोमट लागतं, तेव्हा ते दिल्यानेही फायदा होतो. तुषार सिंचनाने पानावरच पाणी गोठवत ठेवण्याची रीत परदेशात आहे. ग्रॅमभर पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यावर पान शून्याच्या आसपास टिकतं. पण बर्फ वितळेपर्यंत पाणी एक क्षणही थांबता कामा नये. मध्येच वीज गेली तर नुसतं न देण्यापेक्षा वाईट. आपल्या वीजपुरवठ्याच्या वेळा पाहता हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही.

धुराचं काय? ओला पालापाचोळा पेटवून बागेत धूर कोंडण्याची पद्धत जुनी आहे. कल्पना अशी की धूर ढगाचं काम करेल. पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून जाणाऱ्या अवरक्त किरणांना ते फारसे अडवत नाहीत. धुक्याचे थेंब अडवतात, धूर नाही. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या उष्णतेचा, आणि तोही बऱ्याच लहान शेकोट्या विखरून पेटवल्या तर. एकच मोठा जाळ केला की तापलेली हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. मेहनत, लाकूड, रात्रीची झोप सगळं जाऊन उलटं नुकसान.

रोपवाटिका, स्ट्रॉबेरी, भाजीपाला लहान क्षेत्रात असेल तर झाकणं सर्वांत स्वस्त. पान आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आलं की काम झालं, ते जाड असलंच पाहिजे असं नाही. मात्र प्लॅस्टिक पानाला टेकू देऊ नये, टेकलेल्या जागी पान तितकंच गारठतं.

जग तापतंय म्हणता, मग हिमकण कसे?

सरासरी वाढली म्हणून प्रत्येक रात्र उबदार होत नाही. उत्तरेकडून कोरडे वारे आले, आभाळ स्वच्छ राहिलं, वारा पडला, की एखादी रात्र शून्याला टेकणारच. उलट तापणाऱ्या हवेने एक नवा धोका आणला आहे. २०२१ मध्ये फ्रान्सला मार्चचा शेवट उबदार गेला, वेलींना लवकर कोंब फुटले आणि एप्रिलच्या थंडीत ते करपले. द्राक्षमळ्यांमध्ये रात्रभर मोठ्या मेणबत्त्या लावून लोक जागले. थंडी जुनीच होती, वेल त्या वेळी नाजूक अवस्थेत सापडला.

आज रात्री धोका आहे का, हे कसं ओळखायचं?

संध्याकाळी तीन गोष्टी पाहा. आभाळ पूर्ण निरभ्र आहे का, वारा पडला आहे का, आणि हवा कोरडी आहे का. तिन्ही असतील आणि किमान तापमानाचा अंदाज पाचच्या आसपास असेल, तर पानावर शून्य गृहीत धरा. अंदाजासोबत दवबिंदू तापमान मिळत असेल तर तेही बघा. ते शून्याच्या जवळ किंवा खाली असेल तर रात्री पारा अडवायला दव येणार नाही. शेताच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, उघड्यावर एक साधा किमान तापमापक ठेवला तर तुमच्या शेताचा खरा आकडा कळेल. दोन-तीन हिवाळ्यांत तो आणि निफाडचा किंवा तालुक्याचा जाहीर आकडा यांच्यातला फरक हातात येतो. आणि सकाळी झाकण काढायची घाई नको. सूर्य वर आल्यावरही काही वेळ जमीन मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता गमावत असते, त्यामुळे सगळ्यात गार क्षण पुष्कळदा उजाडल्यानंतर येतो.